तारखेआधीची रात्र

आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. दूधवाल्याचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, विम्याचा हप्ता, लग्नकार्ये अशा सगळ्या नोंदी त्यावर माझ्याच हातच्या. बँकेत उभी हयात गेली, त्यामुळे तारीख म्हटली की माझा हात पेनाकडे जातो. कर्जाच्या हप्त्याची तारीख, ठेवीच्या मुदतीची तारीख, बिल वटण्याची तारीख. तारीख पाळणारा तो भला माणूस, चुकवणारा तो थकबाकीदार, एवढी सोपी वाटणी मी आयुष्यभर केली.

काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत याच कॅलेंडरवर मी एका गुरुवारभोवती लाल गोल काढला होता. धाकटी लेक दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिले सिझर झालेले, त्यामुळे दुसरेही ठरवून करायचे होते. डॉक्टरीणबाईंनी एकोणचाळीस आठवडे भरल्यानंतरचे दोन-तीन दिवस सुचवले. आमच्या सौभाग्यवतींनी पंचांग उघडले, जावईबापूंनी रजेचा हिशोब केला, मी दवाखान्याच्या बिलाचा. सगळ्यांच्या सोयीने गुरुवार ठरला. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मध्ये काही वाटलं तर तारखेची वाट बघत बसू नका. रात्र असली तरी निघून या.’ आम्ही माना डोलावल्या. कर्जाच्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींना गिऱ्हाईक मान डोलावते, तशाच.

सोमवारी रात्री साडेअकराला लेकीची कंबर भरून आली. तिची आई म्हणाली, ‘खोट्या कळा असतील गं. दिवसभर उभी होतीस. दोन घास दूधभात खा आणि पड.’ तिने खाल्ले, पडली, उठली. दीड वाजता मी घड्याळाकडे बघून म्हणालो, ‘आत्ता कुठे डॉक्टरांना उठवायचं? परवावर तर गुरुवार आलाय. सहा वाजू देत.’ लेक म्हणाली, ‘बाबा, ही कळ वेगळी आहे. टाक्यांवर ताण येतोय.’ मी तिला धीर दिला. धीर देणे हे बोलणाऱ्याला थांबवण्याचे किती सभ्य साधन आहे, हे मला त्या रात्री कळले नाही.

पावणेतीनला ती स्वतः दवाखान्यात फोन करून, शाल पांघरून, फाईल हातात घेऊन दारात उभी राहिली. ‘मी निघालेय. तुम्ही येताय का?’

रंकाळ्याच्या कडेचा रस्ता सामसूम होता. दवाखान्याच्या दारात मावशींनी तिला हाताला धरून आत घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आलासा ते ब्येस केलासा. तारीख कॅलेंडरवर असती, लेकरू पोटात असतंय.’ अर्ध्या तासात डॉक्टरीणबाई आल्या, पाठोपाठ भूलतज्ज्ञ आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘काय खाल्लंय आणि किती वाजता?’ आमच्या सौभाग्यवतींनी मान खाली घालून दूधभाताची वेळ सांगितली. साडेचारच्या सुमारास नात झाली. दोघीही सुखरूप. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, की जुन्या टाक्यांची जागा फार पातळ झाली होती; सकाळपर्यंत कळा चालू राहिल्या असत्या तर काय झाले असते ते सांगता येत नाही.

सकाळी फोनवर नातेवाईक म्हणत होते, ‘अरेरे, गुरुवार हुकला की!’ लेक मात्र दुसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाली, ‘बाबा, तुम्ही दोघं घड्याळाकडे बघत होता. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही.’

हे वाक्य मला कुठल्याही थकबाकीच्या नोटिशीपेक्षा जड गेले. म्हणून आज हा विषय रविवारच्या पानावर, घरातल्या सगळ्यांसमोर मांडतो आहे. हा विषय बायकांचा आहे असे म्हणून पान उलटणाऱ्या माझ्यासारख्या बाप्यांनी तर तो जरूर वाचावा.

सिझर आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशात शंभर बाळंतपणांपैकी साडेआठ सिझरने होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा साडेएकवीसवर गेला. महाराष्ट्रात तो पंचवीसच्या पुढे आहे आणि देशातल्या खासगी दवाखान्यांत तर शंभरात सत्तेचाळीस. यातली किती खरोखर गरजेची, हा वाद मोठा आहे आणि तो स्वतंत्रपणे व्हायला हवा. पण ज्या घरात सिझरची तारीख ठरली आहे, त्या घरापुढचा प्रश्न वेगळा असतो: तारखेआधीच कळा सुरू झाल्या तर?

हे काही क्वचित घडणारे नाही. ब्रिटनमधले प्रसूतितज्ज्ञ तिथल्या गर्भवतींना सांगतात, की ठरवून सिझर करायचे असलेल्या दहांपैकी एकीला त्या दिवसाआधीच कळा सुरू होऊ शकतात. कारण सरळ आहे. बाळाच्या फुप्फुसांची तयारी पुरी व्हावी म्हणून, तातडीचे कारण नसेल तर एकोणचाळीस आठवडे भरण्यापूर्वी सिझर करू नये, असा आता सर्वमान्य संकेत आहे. फार आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणजे डॉक्टर तारीख जितकी बाळाच्या हिताची, तितकी ती निसर्गाच्या वेळेच्या जवळ. मग कधी निसर्ग पुढे निघून जातो. यात डॉक्टरांचा हिशोब चुकलेला नसतो आणि त्या बाईचे तर काहीच चुकलेले नसते. उलट कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातले पाणी ओसरू लागते, म्हणजे बाळही बाहेर येण्याची तयारी करीत असते. कळ हा अपशकुन नव्हे, तो निरोप आहे. मात्र निरोप आल्यावर घरात बसून राहणे धोक्याचे.

धोका प्रत्येकीचा सारखा नसतो. आधी सिझर झाले असेल तर कळांच्या जोराने जुन्या टाक्यांची जागा उसवण्याची शक्यता असते. ती थोडी असते, पण उसवली तर मिनिटांचा प्रश्न होतो. वार खाली असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. मूल आडवे किंवा पायाळू असेल तर पाणमोट फुटल्यावर नाळ खाली सरकण्याची भीती असते. आपले सिझर नेमके कशासाठी ठरले आहे, हे गर्भवतीला आणि घरातल्या निदान एका माणसाला नीट ठाऊक हवे. मला ते ठाऊक नव्हते. मला फक्त वार आणि वेळ ठाऊक होती.

दवाखान्यात पोचल्यावर दरवेळी धावपळच उडते असेही नाही. डॉक्टर बाळाचे ठोके ऐकतात, कळा खऱ्या आहेत का, पिशवीचे तोंड किती उघडले आहे, हे पाहतात. कधी लगेच सिझर करतात, कधी दोन-चार तास थांबता येते. कधी प्रसूती इतकी पुढे गेलेली असते, की बाई सुखरूप मोकळी होण्याचाच मार्ग त्यांना अधिक बरा वाटतो. कळा खोट्या निघाल्या तर परत घरी यायचे. एक हेलपाटा झाला एवढेच. मात्र हा निर्णय दवाखान्यातल्या खाटेवर व्हायचा असतो, आमच्या दिवाणखान्यात रात्री दीड वाजता नव्हे.

मुहूर्ताबद्दलही बोललेच पाहिजे. पंचांग पाहून सिझर करून घेणे आता आपल्याकडे कुणाला वावगे वाटत नाही. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती, तेव्हा त्याच दिवशी सिझर करावे अशा विनंत्या कानपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. श्रद्धेची टिंगल मला करायची नाही. डॉक्टरांनी सुचवलेल्या तीन दिवसांतला एक आम्हीही पंचांगातूनच निवडला. पण निवडलेला दिवस मनात इतका पक्का बसतो, की त्याच्या आधी आलेली कळ आपल्याला खोटी वाटू लागते. मुहूर्ताचा खरा धोका इथे आहे. चांगला दिवस बघितला म्हणून काही बिघडत नाही, बिघडते ते त्याची वाट पाहण्याने.

या संदर्भात कोल्हापूरकरांनी एक नाव आठवावे, ते म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूर इथल्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे सांगितले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाचे काम त्यांना देऊ केले होते. आज त्याच रुग्णालयाला आपण सीपीआर म्हणतो. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्या कधी रुजू झाल्याच नाहीत.

त्या काळी बाईला आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगता येत नसे, म्हणून ऐकणारी बाई हवी होती. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांसारख्या डॉक्टर कोल्हापूरने पाहिल्या. आज गावोगाव डॉक्टरीणबाई आहेत. अडसर आता दवाखान्याच्या दारात नाही, तो आपल्या उंबऱ्याच्या आत आहे. बाई सांगते आणि घर म्हणते, थांब जरा, सकाळी बघू.

शहरात आम्ही दहा-पंधरा मिनिटांत पोचलो. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात धुके आणि चिखल. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ रात्री हाताशी असेलच असे नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता आणि शिरोळ, करवीरची कित्येक गावे तुटली होती. अशा भागातल्या लेकीसुनेची तारीख पावसाळ्यात येत असेल, तर तिला आठ-पंधरा दिवस आधीच दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे आणून ठेवणे हे शहाणपणाचे. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत देणारी जननी शिशु सुरक्षा योजना २०११ पासून आहे. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते, गर्भवतींसाठी १०२ आहे. हे नंबर मोबाईलमध्ये नसतील तर आजच घालून ठेवा.

बाकी घराने करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून फाईल, कपडे आणि पैसे एका पिशवीत दाराशी ठेवावेत. रात्री गाडी कोण काढणार, मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, रक्त लागले तर कोण धावणार, हे नावानिशी ठरवावे. ठरावीक अंतराने येऊन वाढत जाणाऱ्या कळा, पाणी जाणे, अंगावरून लाल जाणे, टाक्यांच्या जागी न थांबणारी वेदना, बाळाची हालचाल कमी होणे, यातले एकही झाले की आधी दवाखान्यात फोन करावा आणि निघावे. मायेपोटी दूधभात भरवू नये. खाल्ले असेल तर वेळ खरी सांगावी. भूल देणाऱ्याला तीच माहिती लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ती ‘ही कळ वेगळी आहे’ म्हणाली, की घरात दुसऱ्या कुणाचे मत विचारू नये.

कादंबरी लिहिताना शेवट कुठल्या प्रकरणात आणायचा, हे माझ्या हातात असते. बँकेतही ठेव मुदतीआधी मोडायची तर गिऱ्हाईकाला माझी सही लागे. त्या सवयीने मला वाटत राहिले, की गुरुवारचा मालक मी आहे. नातीने मुदतीआधी येताना माझी सही मागितली नाही, हे तिचे मोठेच उपकार.

ते कॅलेंडर मी अजून टाकून दिलेले नाही. गुरुवारभोवतीचा लाल गोल तसाच आहे. त्याच्या अलीकडे, मंगळवारच्या चौकोनात, लेकीच्या अक्षरात पेन्सिलीने फक्त वेळ लिहिली आहे: पहाटे ४.३०. त्या वर्षीच्या सगळ्या पानांवर माझ्या हातची नसलेली नोंद तेवढीच आहे. आणि खरी तारीख तीच होती.