‘बायकांचा आजार’ आणि पुरुषांचे मौन

आपल्या समाजाने आजारांचीही वाटणी करून ठेवली आहे. हृदयविकार पुरुषाचा, थायरॉईड बाईचा. पहिला चारचौघांत सांगता येतो. दुसरा लग्नाच्या बैठकीत लपवावा लागतो. थायरॉईडची गोळी घेते म्हणून मुलगी नाकारणारे आणि सुनेच्या थकव्याला ‘नाटकं’ म्हणणारे आपणच. ही तुच्छता आता आपल्याच मुलांवर उलटली आहे. बाईचा म्हणून हिणवलेला आजार आपल्याला झाला आहे, हे कबूल करण्यापेक्षा धडधडत्या छातीने हिंडणे त्यांना सोपे वाटते.

गळ्याच्या पुढच्या भागातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक सोडू लागली की सारे शरीर विनाकारण धावू लागते. छातीत धडधड, हाताला कंप, अंगाला घाम. भूक वाढलेली आणि वजन मात्र उतरते. झोप उडते, चीड अनावर होते, मांड्यांतले बळ जाते. याचे सर्वांत मोठे कारण ग्रेव्हज आजार. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला चिथावत राहते. स्त्रियांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो, हे खरे. पण कमी आढळतो म्हणजे होतच नाही, असा अर्थ कोणी काढला?

तालमीत जाणाऱ्या, जिममध्ये घाम गाळणाऱ्या तरुणाकडे आपण कसे पाहतो ते आठवा. वजन उतरले की मित्र म्हणतात, ‘काय बॉडी काढलीस!’ बैठका मारताना मांड्या साथ देईनाशा झाल्या की वस्ताद म्हणतात, खुराक वाढव. हात थरथरले की गल्ली ठरवते, पोरगा प्यायला लागला. चिडला की घरचे म्हणतात, लग्न करून द्या, ताळ्यावर येईल. सल्ला देणारे शंभर. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहणारा एकही नाही.

याहून भयंकर प्रकारही आहे. या आजाराच्या काही पुरुष रोग्यांमध्ये, विशेषतः आशियाई तरुणांमध्ये, भरपूर भात-गोडाचे जेवण करून किंवा अंगमेहनतीनंतर विश्रांती घेऊन उठताना हातपाय अचानक लुळे पडतात. रक्तातले पोटॅशियम एकाएकी घसरल्यामुळे हे घडते. वेळीच रुग्णालयात नेले तर बहुधा काही तासांत माणूस चालू लागतो. उशीर झाला तर हृदयाची लय बिघडून जीवही जाऊ शकतो. अशा वेळी करणी झाली म्हणत अंगारा लावत बसणे म्हणजे रोग्याचे आयुष्य पणाला लावणे. मी याला अज्ञान म्हणून सोडून देणार नाही. हा गुन्हा आहे.

मे १९९१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश कॅम्प डेव्हिड येथे धावत असताना त्यांना दम लागला आणि हृदयाचे ठोके अनियमित झाले. तपासात ग्रेव्हज आजार निघाला. त्यांच्या पत्नी बार्बरा यांना तोच आजार आधीच झालेला होता. ही बातमी जगापुढे आली, बुश यांनी किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार घेतला आणि राज्यकारभार चालू राहिला. महासत्तेच्या अध्यक्षाला ज्याची लाज वाटली नाही, त्याची लाज आमच्या पैलवानाला का वाटावी?

उपचार अवघड नाहीत. टीएसएच, टी३, टी४ या रक्ताच्या तपासण्यांनी निदानाची वाट खुली होते. कार्बिमाझोलसारखी गोळी साधारण बारा ते अठरा महिने घ्यावी लागते. धडधड आवरायला प्रोप्रानोलॉल देतात. नाडी ताब्यात येईपर्यंत जोरकस व्यायाम थांबवावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुन्हा सुरू करावा. गोळी चालू असताना ताप आणि घसा दुखणे एकत्र आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात. सिगारेट सोडावी, ती या आजारात डोळ्यांचे मोठे नुकसान करते. आजार उलटला तर किरणोत्सर्गी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया आहे. आयोडीनचा हा उपचार १९४१पासून माणसांवर होत आला आहे. अशा उपचारानंतर अनेकांना जन्मभर थायरॉक्सिनची एक गोळी घ्यावी लागते. ती घेऊन माणूस धावतो, कुस्ती खेळतो, संसार करतो.

तरीही बरे वाटताच गोळ्या सोडणारे, गोळ्यांची पट्टी मित्रांपासून लपवणारे पुरुष आपल्या अवतीभवती आहेत. शरीराविषयी मोकळेपणाने बोला, हे सांगण्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यापायी खटले सोसले. त्यांच्या महाराष्ट्रात आजही तरुण स्वतःच्या गळ्याबद्दल बोलायला कचरतो, ही आपल्या साऱ्यांची नामुष्की आहे.

तालमीच्या वस्तादांनी, जिमच्या प्रशिक्षकांनी, कारखान्यांतल्या मुकादमांनी ही लक्षणे शिकून घ्यावीत. उपचारासाठी रजा मागणाऱ्याला कामचुकार म्हणू नये. पण हे सारे वरवरचे ठरेल, जोवर मुळावर घाव बसत नाही. मुलगी पाहायला गेल्यावर तिच्या गोळीवरून नाक मुरडणे आधी थांबवा. घरातल्या बाईच्या आजाराला जिथे मान मिळेल, तिथेच पुरुषाला आपला आजार उघडपणे सांगता येईल.