सनईपासून माईक किती लांब?

डीजेवरच्या गेल्या लेखानंतर बरेच फोन आले. त्यातला एक अजून डोक्यातून जात नाही. बोलणारा पोरगा आपल्याच तालुक्यातला, स्वतः डीजेचा गाडा चालवणारा, बोलायला अगदी आदबशीर. म्हणाला, "काका, मोठा आवाज काही आम्ही शोधला नाही. तो बीटल्ससारख्या रॉक बँडवाल्यांनी जगाला दिला. आजची सगळी साऊंड सिस्टीम त्यांचीच देणगी. आम्ही ती फक्त मानवतच्या गल्लीत आणली."

याच आठवड्यात एका परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, गेलो. पुढे दोन सनईवाले आणि एक संबळवाला, त्यांच्या मागे नवरदेवाची घोडी, घोडीच्या मागे गाडा. मारुतीच्या पारापर्यंत मी सनईवाल्यांच्या जोडीनं चाललो. त्यांचे गाल फुगलेले दिसत होते, बोटं छिद्रांवर फिरत होती, कपाळावरून घाम ओघळत होता. सनईचा एकही सूर माझ्या कानापर्यंत आला नाही. व्हिडिओवाला मात्र त्यांच्यासमोर उलटा चालत मन लावून शूटिंग घेत होता. वाजंत्री सांगितली होती ती चित्रात दिसावी म्हणून, आणि वाजवणारे तरीही जीव ओतून वाजवत होते. मला ते पाहवलं नाही.

त्या पोराला उत्तर द्यायलाच हवं, कारण त्यानं सांगितलेला इतिहास उलटा आहे. मोठ्या आवाजानं बीटल्सला काही दिलं नाही, त्यांचं व्यासपीठच काढून घेतलं. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ते वाजवायला उभे राहिले तेव्हा समोर पंचावन्न हजारांहून जास्त माणसं होती. गिटारसाठी १०० वॉटचे अँप्लिफायर होते. आज गाड्यावरच्या बेसच्या एका डब्यालाही त्याहून कितीतरी जास्त ताकद लागते. गाण्याचा आवाज स्टेडियमच्या स्वतःच्या कर्ण्यांतून जात होता, आणि ते कर्णे बेसबॉलच्या सामन्यातल्या घोषणांसाठी बसवलेले. पोरींच्या किंकाळ्यांखाली चौघांना एकमेकांचं वाजवणं ऐकू येईना. ड्रमवरचा रिंगो पुढच्या तिघांची पाठ आणि मान कशी हलते ते बघून ताल धरत होता. वर्षभर त्यांनी हे सोसलं. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा जाहीर दौऱ्याचा कार्यक्रम केला आणि ते स्टुडिओत जाऊन बसले.

स्टुडिओत त्यांनी आवाज वाढवला नाही, माईक जवळ आणला. त्याच वर्षी, त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या आधीच, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत जेफ एमरिक नावाच्या वीस वर्षांच्या इंजिनिअरनं मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि कंपनीच्या नियमात बसणार नाही इतका माईक जवळ नेला. 'एलिनॉर रिग्बी'च्या वेळी व्हायोलिन, व्हायोला, चेलो वाजवणाऱ्या आठ जणांसमोर माईक इतके जवळ ठेवले की ती जुनी-जाणती मंडळी बिचकून खुर्च्या मागे सरकवू लागली. तारेवर धनुकली घासल्याचा खरखरीत स्पर्श त्या रेकॉर्डमध्ये आहे, तो यामुळेच. पुढच्या वर्षी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या भारतीय धाटणीच्या गाण्यात एमरिकनं तबल्यालाही असाच जवळून माईक लावला. ज्या स्टुडिओत हे घडलं तो ईएमआय कंपनीचा. याच कंपनीच्या अ‍ॅलन ब्लुमलाइननं १९३१ च्या डिसेंबरात स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. सिनेमात नट पडद्यावर एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं. डावा कान, उजवा कान, वाजवणारा नेमका कुठे बसला आहे ते ऐकणाऱ्याला कळावं, एवढ्यासाठी त्याची धडपड होती. आजच्या ध्वनितंत्राचं मूळ मला इथे दिसतं. वॉटच्या आकड्यात ते सापडायचं नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. हीच ईएमआय आपल्याकडे एचएमव्ही. जानेवारी १९६८ मध्ये तोच हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टातल्या फिरोजशाह मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून त्यानं 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. चित्रपटातला कोणता प्रसंग किती सेकंदांचा, हे तो लंडनहून घड्याळ लावून मोजून घेऊन आला होता. स्टुडिओ साधा होता, रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज आत यायचा. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेनं मुंबईत आणलं. हे हॅरिसननंच पुढे सांगितलं आहे. लंडनला तोवर चार ट्रॅकची सवय झालेला माणूस इथे दोनावर काम करायला बसला.

दोन ट्रॅक म्हणजे काय, हे आज फोनवर पन्नास ट्रॅक जुळवणाऱ्या पोरांनी समजून घ्यावं. वाजवताना जो तोल साधला तोच कायमचा. नंतर सरोद थोडं वर, बासरी थोडी खाली, असं करायला जागाच नाही. मग सगळा तोल खोलीतच साधायचा. कोण माईकच्या जवळ बसेल, कोण मागे सरकेल, कोणी जोर आवरायचा, कोणाला मोकळं सोडायचं, हे सगळं टेप फिरण्याआधी ठरायला हवं. त्यासाठी प्रत्येकाला दुसऱ्याचं वाजवणं ऐकू यावं लागतं. शे स्टेडियमवर जे मिळालं नाही ते हॅरिसनला या साध्या स्टुडिओत मिळालं, आणि ते देणारे वादक आपले होते. आशिष खाँ यांचं सरोद, महापुरुष मिश्र यांचा तबला आणि पखवाज, शिवकुमार शर्मा यांचं संतूर, चंद्रशेखर नारिंग्रेकरांचं सूरबहार, केंकऱ्यांची बासरी. आणि सनई.

हो, सनई. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडच्या माणसानं मुंबईत येऊन मुद्दाम सनईवाले बोलावले. त्यातल्या एकाचं नाव इंग्रजीत 'हनुमान जादेव' असं छापलं आहे. तो आपला जाधवच असणार असं मी धरून चाललो आहे, आणि उलटा पुरावा कोणी समोर ठेवीपर्यंत तसंच धरून चालणार. सनई आणि जाधव हे नातं मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. याच दिवसांत 'द इनर लाइट' या गाण्याची वाद्यांची बाजू मुंबईत तयार झाली. हॅरिसननं आपला आवाज त्यावर फेब्रुवारीत लंडनला चढवला आणि १५ मार्च १९६८ ला ते गाणं बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूवर बाहेर आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. त्याची वाद्यं वाजली फोर्टात. 'वंडरवॉल म्युझिक' ही रेकॉर्ड नोव्हेंबरात आली. बीटल्सपैकी कोणाचीही ती पहिली एकट्याच्या नावावरची रेकॉर्ड, आणि त्यांच्या अ‍ॅपल कंपनीची पहिली एलपी.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. एका ठिकाणी सनईचा सूर नीट मिळावा म्हणून कलकत्त्याहून यंत्र आगगाडीत घालून आणलं जातं, रस्त्याचा गोंगाट आत येत असताना सगळे श्वास रोखून बसतात, वाजवणाऱ्यासमोर माईक उभा केला जातो. दुसऱ्या ठिकाणी, अर्ध्या शतकानंतर, यंत्रांची काही कमतरता नाही, मिक्सरवर पाहिजे तेवढे ट्रॅक आहेत, आणि तीच सनई वाजवणारा माणूस शेजारी चालत असूनही ऐकू येत नाही. डीजेवाल्या त्या पोराला माझं सांगणं एवढंच आहे, की त्या बँडचा वारसा सांगायचा असेल तर फोर्टातल्या त्या खोलीचा सांग.

यात शास्त्रही आहे. सनई हे मोकळ्या आभाळाखाली, नगारखान्यावरून वाजवायचं वाद्य. दुपाती जिव्हाळी आणि खाली रुंदावत जाणारी नळी यामुळे तिच्या आवाजात उंच स्वरकंप भरपूर असतात. माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि सनईचं तेज नेमकं त्या पट्ट्यात पोचतं. म्हणून पूर्वी वाजंत्री वेशीवर असली तरी घरातल्या म्हातारीला वरात आली हे कळायचं. पण खालचा, घुमणारा बेस फार चढवला की तो आपल्या वरचे आवाज कानातच झाकून टाकतो. उलटं तितकं होत नाही. सनईवाल्यानं कितीही दम लावला तरी तो त्या बेसच्या वर निघू शकत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा आहे. तिचं काय होतं ते मी मागे लिहिलं आहे, तो हिशेब पुन्हा मांडत नाही.

आणि जिथे गाडा नसतो त्या मंगल कार्यालयांत तरी काय चालतं? माईक हातात धरून थेट सनईच्या तोंडात खुपसतात. माझं हे जुनं दुखणं वाचकांना ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो. सनईचा आवाज फक्त खालच्या पितळी तोंडातून निघत नाही. उघड्या छिद्रांमधूनही तो बाहेर पडतो, आणि स्वर बदलला की निघायची जागा बदलते. तोंडाशी माईक लावला की काही स्वर फाटून येतात, काही येतच नाहीत. मग बसलेली मंडळी म्हणतात, सनई कर्कश असते. सनई कर्कश नसते. माईक दीड-दोन हात लांब, थोडा बाजूला, मधल्या छिद्रांच्या उंचीवर स्टँडवर उभा करा आणि मग ऐका. मागे सूर धरणाऱ्या जोडीदाराला त्याच माईकपासून आणखी हातभर मागे बसवा. दोघांचा तोल आपोआप मिळेल, मिक्सरला बोट लावायची गरज पडणार नाही. माझी तर खात्री आहे, की आपल्या भागात लग्नातून सनई गेली त्यात डीजेइतकाच वाटा या चुकीच्या माईकचा आहे.

तेव्हा मानवत, पाथरी, सेलू इथल्या मंगल कार्यालयवाल्यांना माझी कळकळीची विनंती. येत्या मोसमात एक स्टँड आणि एक बरा माईक सनईसाठी वेगळा ठेवा. परण्या निघाल्यापासून पारावर पोचेपर्यंत गाडा बंद राहील असं बुकिंग घेतानाच वधू-वराकडच्यांना सांगा. ज्या पोरानं मला फोन केला त्याची, सनई ऐकू येईल अशी मांडणी करून दाखवायची तयारी असेल, तर मी स्वतः वाजंत्री सांगतो, त्यांचा मोबदला माझ्याकडून.

आणखी एक काम आहे, त्याला उशीर चालणार नाही. आपल्या तालुक्यातले सनई, संबळ आणि हलगी वाजवणारे जे जुने लोक आहेत, त्यांचं नीट ध्वनिमुद्रण करून ठेवलं पाहिजे. आज त्याला कलकत्त्याहून यंत्र मागवावं लागत नाही. एक शांत खोली, दोन माईक आणि दुपारचे दोन तास पुरतात. ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लग्नांच्या कॅसेट पडून असतील त्यांनी त्या फेकू नयेत. बुरशी आली असली तरी चालेल, माझ्याकडे पोचत्या करा. त्यावर वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि लग्नाचं साल आठवेल तेवढं चिठ्ठीवर लिहून चिकटवा. नाव पूर्ण लिहा, आडनावासकट.