एका मापावर निकाल नको!

विद्यार्थी मित्रहो, घरच्या वाय-फायवर मावशीशी व्हिडिओ-कॉल चालू आहे आणि बोलता बोलता तुम्ही फाटकाबाहेर पडता. चित्र थिजते, आवाज तुटतो. काही क्षणांनी फोन मोबाइलच्या जाळ्यावर येतो. आपण चिडून म्हणतो, "वाय-फाय क्षीण होताच या मठ्ठ फोनने ते सोडले का नाही?" माझे मत असे, की फोनच्या या रेंगाळण्यात आपण शिकावे असे काही आहे.

रेडिओलहरी भिंतींवरून, वाहनांवरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी फोनपाशी येतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, तर कुठे एकमेकींना मारतात. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झ लहरीची लांबी सुमारे 12.5 सेंटिमीटर असते. म्हणजे चार बोटे सरकले तरी संकेत एकदम पडू शकतो, आणखी चार बोटांवर पुन्हा चढू शकतो! अशा प्रत्येक चढउताराला फोन जाळे बदलू लागला, तर नुसती टोलवाटोलवी होईल, बोलणे होणारच नाही.

म्हणून 4जी जाळ्यात नियम असा, की नवा मनोरा जुन्यापेक्षा ठरावीक फरकाने, समजा 3 डेसिबलने (म्हणजे सुमारे दुप्पट शक्तीने), सरस असावा आणि तो ठरावीक काळ तसाच टिकावा. मगच बदल करायचा. अर्थात धीर म्हणजे दिरंगाई नव्हे. वेगवान गाडीत फार थांबले, तर जुना मनोराच हातचा जातो.

वाय-फायकडून मोबाइलकडे जाणे तर याहून अवघड. वाय-फायच्या पट्ट्या भरलेल्या असूनही त्यामागची तार तुटलेली असू शकते. शिवाय जाळे बदलले, की फोनचा इंटरनेटवरील पत्ता बदलतो आणि पलीकडचा संगणक आपल्याला परका समजतो. 2021 मध्ये प्रमाणित झालेल्या 'क्विक' या नियमावलीत प्रत्येक जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. त्यामुळे पत्ता बदलला तरी ओळख टिकू शकते.

आता आपल्या प्रयोगशाळेत या. लंबकाचे एकच वाचन घ्यायचे, उरलेली दोन त्याला जुळतील अशी लिहून टाकायची, हे आपण सर्रास पाहतो. खिशातले यंत्र पुन्हा पुन्हा मोजून निर्णय घेते आणि विज्ञानाचा विद्यार्थी मात्र एका मापावर निष्कर्ष काढतो! शिक्षकबंधुभगिनींनो, 'बरोबर' उत्तरापेक्षा प्रामाणिकपणे विखुरलेल्या वाचनांना अधिक गुण द्या, ही माझी आग्रहाची विनंती.

आणि मित्रहो, अनेक फोनांच्या सेटिंगमध्ये मोबाइल-संकेताची शक्ती आकड्यांत दिसते. फोन दर वेळी पाच सेंटिमीटर सरकवा, प्रत्येक जागी थोडे थांबा आणि अशी दहा वाचने वहीत मांडा. मग सांगा, यातल्या कोणत्या एका आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवाल?