गाईडला कोण शिकवणार?

मायक्रोपिपेटचं बटण दोन टप्प्यांत दबतं. द्रव ओढताना पहिल्या टप्प्यावर थांबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. ओढतानाच अंगठा पुढे गेला तर माप चुकतं, आणि चुकलेलं डोळ्यांना सहज दिसतही नाही. नांदगावात बीएस्सी करून, मनमाडला गाडी पकडून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचलेल्या मुलीच्या हातात ही वस्तू कदाचित पहिल्यांदाच येते. शेजारी उभं राहून कुणी दाखवलं तर पाच मिनिटांचं काम. नाहीतर महिनाभर प्रयोग फसतात आणि ‘हिचा हातच बसत नाही’ असा शिक्का बसतो.

अशा वेळी डॉ. भास्कर हलामी आठवतात. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातलं चिरचाडी हे त्यांचं गाव. पावसाळ्यात घरात धान्य नसलं की मोहाची फुलं शिजवून खाणारं आदिवासी कुटुंब. वडिलांना कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याची नोकरी लागली आणि मुलाच्या शिक्षणाची वाट निघाली: गडचिरोलीत बीएस्सी, नागपूरला एमएस्सी, मिशिगनमध्ये पीएचडी, मग मेरीलँडच्या कंपनीत आरएनए औषधांवर संशोधन. चिरचाडीतून या पदव्या घेणारे ते पहिलेच. दुसरा कधी येणार, आणि कुणाच्या आधारानं?

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था पीएचडीसाठी फेलोशिप देतात. ती हवीच, वेळेवर हवी. पण ती घेऊन विद्यार्थी ज्याच्या दारात उभा राहतो, त्या गाईडची तयारी कोण पाहतं? यूजीसीचे 2022 चे नियम प्राध्यापकाकडे पीएचडी आणि किमान पाच शोधनिबंध मागतात, सहायक प्राध्यापकाकडे तीन. शिकवायची, सांभाळून घ्यायची हातोटी कुठल्याच रकान्यात नाही.

ती शिकवता येते. अमेरिकेत 16 संस्थांतल्या गाईड आणि नवख्या संशोधकांच्या 283 जोड्यांवर, औषधाची घेतात तशीच चाचणी घेतली गेली. निष्कर्ष 2014 मध्ये आले. अभ्यासक्रम अवघा आठ तासांचा. एकमेकांच्या अपेक्षा आधीच बोलून घेणं, समोरच्याला खरंच कळलंय का हे पडताळणं, वेगळ्या घरातून आलेल्याची अडचण ओळखणं. प्रशिक्षण घेतलेल्या गाईडनी आपली कौशल्यं इतरांपेक्षा ठळकपणे सुधारल्याचं नोंदवलं.

नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि पुणे विद्यापीठ यांनी गाईडची मान्यता देण्याआधी असे आठ तास सक्तीचे करावेत. मराठीतून, इथल्याच उदाहरणांसह: इंग्रजीच्या धाकानं बैठकीत गप्प बसणारी मुलगी, भाड्याला पैसे नाहीत म्हणून दिवाळीत वसतिगृहातच राहिलेला मुलगा, आणि पिपेटचे ते दोन टप्पे.