निरोग्याचें कर्तव्य

रुग्णालयांतील एखाद्या रोग्याच्या जखमेंत औषधांस दाद न देणारा जंतु आढळला कीं, कोणी रुग्णालयास दोष देतो, तर कोणी त्या रोग्यासच दूर लोटतो. आमच्या मतें या बाबतींत पहिलें उत्तरदायित्व निरोगी माणसाचें आहे.

या जंतूचें नांव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. द्राक्षांच्या घडाप्रमाणें हे जंतु पुंजक्यांनीं राहतात, म्हणून अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें १८८२ सालीं त्यांच्या जातीस तें ग्रीक नांव दिलें. सुमारें दर तीन निरोगी माणसांपैकीं एकाच्या नाकांत हा जंतु निमूटपणें वास करितो. कातडीस चीर पडली किंवा शरीर क्षीण झालें म्हणजे मात्र तो आंत शिरून गळवें, न्युमोनिया असे विकार उत्पन्न करितो आणि प्रसंगीं रक्तांत पसरून प्राणही घेतो.

१९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांस लंडनमध्यें पेनिसिलिन गवसलें, तें याच जातीचे जंतु वाढविलेल्या बशींत बुरशी उगवल्यामुळें. अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास सरावतात, असें त्यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत बजावलें होतें. तो इशारा खरा ठरला. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंवर १९५९ सालीं मेथिसिलिन हें औषध निघालें. १९६१ सालीं त्यासही न जुमानणारे जंतु इंग्लंडांत आढळले. पुढें १९९९ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या संस्थानांतील चार बालकें अशाच जंतूमुळें दगावल्याचें प्रसिद्ध झालें. त्यांस हा रोग रुग्णालयांत नव्हे, तर समाजांत जडला होता.

असें कां व्हावें? औषधानें दुर्बळ जंतु मरतात. एखादा चिवट जंतु वांचतो आणि रिकाम्या जागीं त्याचीच प्रजा वाढते. सर्दीपडसें विषाणूंमुळें होतें. त्यावर प्रतिजैविक औषधाचा उपयोग नाहीं. तरीही जो तें मागून घेतो, त्याची सर्दी हटत नाहीं, पण नाकांतील जंतूंची मात्र अशी निवड होते. मग तो चिवट जंतु न धुतलेल्या हातानें घरच्या तान्ह्या मुलाकडे किंवा शेजारच्या वृद्धाकडे जातो.

डॉक्टरांची फी न परवडणारा मजूर दुकानांतून दोनच गोळ्या आणतो, त्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा? दवाखाना त्याच्याजवळ नेणें हाच त्यावर उपाय. परंतु ज्यांस डॉक्टर सुलभ आहे, तेच सुशिक्षित हट्टानें गोळ्या लिहून घेतात, त्यांस कोणती सबब? २०१४ सालीं भारत सरकारनें कांहीं प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणें सक्तीचें केलें. पण कायदा प्रत्येक उंबरठ्यावर पहारा करूं शकत नाहीं.

नेदरलंड्स देशांत संशयित रोगी रुग्णालयांत येतांच त्याची तपासणी करून त्यास वेगळ्या खोलींत ठेवितात, आणि प्रतिजैविकें फार जपून देतात. म्हणूनच तेथें या जंतूचें प्रमाण अत्यल्प आहे. असें वेगळें ठेवणें म्हणजे वाळींत टाकणें नव्हे.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या शाळेंत कोणास ठाऊक नाहीं? जखमी परक्यास टाळून गेलेले लोक आणि त्याच्या जखमा बांधणारा तो एक, यांतील भेद आपण जाणतों. आजच्या शोमरोन्यानें जखम बांधण्यापूर्वीं व बांधल्यावर साबणानें हात धुवावे. प्रतिजैविक डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून घेऊं नये, आणि सांगितल्यास सांगितल्याप्रमाणेंच घ्यावें. रोग्याजवळ जाण्यास भिऊं नये. भ्यावें तें आपल्याच न धुतलेल्या हातांस.