पुन्हा ‘नीट’ देणारा विद्यार्थी आणि आपण

‘नीट’चा निकाल लागला की आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात रुग्णांबरोबर त्यांच्या पाल्यांच्या गुणपत्रिकाही येऊ लागतात. ‘‘वैद्यसाहेब, मुलगी पुन्हा परीक्षेला बसली तर प्रवेशाच्या वेळी ते तिच्या विरुद्ध जाईल का?’’ हा प्रश्न ठरलेला.

उत्तर निःसंदिग्ध आहे. गुणानुक्रम लावताना विद्यार्थी कितव्यांदा परीक्षेस बसला हे पाहिले जात नाही. २०१७ साली तीनच संधींचे बंधन जाहीर झाले होते, ते टिकले नाही. कमाल वयाची अटही २०२२ मध्ये रद्द झाली. मात्र हे गुण त्या वर्षापुरतेच ग्राह्य असतात. यंदा घसरण झाली तर ७२० पैकी गतवर्षी मिळवलेले अधिक गुण पुढे करता येत नाहीत. हा धोका पालकांना सहसा कोणी सांगत नाही. शिकवणीवर्गवाले तर नाहीच नाही!

त्यावर समाजाने शोधलेला तोडगा म्हणजे आपले महाविद्यालय. बी.ए.एम.एस.चा प्रवेशही आता ‘नीट’वरूनच होतो. तेव्हा हाती आलेली जागा घेऊन ठेवावी आणि तेथे बसून एम.बी.बी.एस.साठी पुन्हा प्रयत्न करावा, असा हा हिशेब.

माझ्या अध्यापनकाळात असा एक विद्यार्थी वर्गात होता. समोर अष्टांगहृदयाचे सूत्रस्थान उघडे आणि त्याखाली बारावीचे भौतिकशास्त्र. मी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. पुढे त्याची उपस्थिती रोडावली. रचनाशारीराच्या प्रात्यक्षिकांना तो येईनासा झाला. ‘नीट’मध्ये थोडक्यात हुकले आणि इकडे पहिल्या वर्षातही तो अनुत्तीर्ण झाला. तो यशस्वी होऊन निघून गेला असता, तरी प्रवेशाची मुदत उलटल्याने त्याची जागा त्या तुकडीत रिकामीच राहिली असती. त्या जागेच्या आशेवर थांबलेले, मनापासून वैद्य होऊ इच्छिणारे कोणी तोवर दुसऱ्या वाटेला लागले असते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने आधी स्वतःची परिस्थिती ओळखून शास्त्राची परीक्षा करावी, मग आचार्याची, असा क्रम आहे. आचार्याने शिष्य पारखण्याचा विषय त्यानंतर येतो. आज यांपैकी एकही परीक्षा होत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे गुण तेवढे उरले.

ज्याला एम.बी.बी.एस.च करावयाचे आहे त्याने एक वर्ष उघडपणे, पूर्णवेळ त्यासाठी द्यावे. त्यात कमीपणा कसला? आपणही पालकांना ‘तूर्त बी.ए.एम.एस.ला घाला, पुढचे पुढे’ असा सल्ला देऊ नये. मी स्वतः तो एकेकाळी दिला आहे. आणि प्राध्यापक बंधुभगिनींनी पहिल्याच आठवड्यात, रागाने नव्हे, प्रत्येकाला विचारावे की तू येथे राहणार आहेस का. मी त्या मुलाला विचारले असते तर तो खरे बोलला असता, असे मला आजही वाटते.