‘बोर्ड गेलाय’ ऐकण्याआधी डबा उघडा!

पीसी स्लो झालाय. क्रोमचे दहा टॅब उघडले की सगळं गोठतं, ऑटोकॅड उघडेपर्यंत चहा करून होतो. मग कुणीतरी सांगतं, रॅम वाढव. सल्ला चुकीचा नसतो. पट्टी येते, बसते, बटण दाबलं जातं. पंखा फिरतो, लाइट लागतो आणि स्क्रीनवर ठार काळोख!

हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. पुढे काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे. डबा स्कूटरवर पायांत धरून दुकानात जातो, दोन दिवसांनी फोन येतो, ‘बोर्ड गेलाय, बदलावा लागेल.’ घरात एक सुस्कारा निघतो आणि आपण म्हणतो, ठीक आहे, टाका.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे ‘ठीक आहे’ आपण फार लवकर म्हणतो. जरा विचार करा. सकाळपर्यंत मशीन चालू होतं, हळू का होईना. दुपारी तुम्ही त्यात एकच वस्तू बदलली. मग पहिला संशय कुणावर घ्यायचा? त्या पट्टीवर, ती जिथे बसवली त्या खाचेवर आणि बसवणाऱ्या हातावर. मदरबोर्डचा नंबर त्यानंतर. तरी निकाल सगळ्यात महागड्या वस्तूवर लागतो आणि आपल्याला त्यावर एक प्रश्नही विचारता येत नाही. अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणणारे आपण, आत काय आहे हे पाहिलेलंच नसतं. पाच तास रील्स बघणाऱ्या पिढीला ‘टेक-सॅव्ही’ म्हणतात हे बरं आहे, पण त्यातल्या किती जणांनी स्वतःच्या पीसीची बाजूची पत्री कधी काढलीय?

दुकानदार चोरच असतात असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे दिवसाला दहा डबे येतात. आपण जाऊन सांगतो, ‘चालू होत नाहीये.’ रॅम घातली होती, हेही बरेच जण सांगत नाहीत. मग तो अंदाजाने वस्तू बदलत बसतो आणि त्याच्या अंदाजाचं बिल आपल्या नावावर फाटतं. तुम्ही त्याला नीट माहिती दिली, तर त्याचंही काम सोपं होतं.

यात पैसे थोडे नाहीत. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कंपन्यांनी माल तिकडे वळवला. ‘क्रुशियल’ नावाने साध्या गिऱ्हाइकांना रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये हा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी पोरं काय करतात? लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या बसस्टँडजवळच्या दुकानात सेकंडहँड पट्टी शोधतात आणि जुनीच्या शेजारी बसवतात. वेगळी कंपनी, वेगळा स्पीड, वेगळं वय. अशा जोडीत कुरबुर होण्याची शक्यता जास्त. म्हणून स्वतः तपासता येणं आत्ता जास्त गरजेचं आहे.

तर डबा उघडा. आधी मेन स्विच बंद करून वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज तिथे जाऊ दे. प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय घासत हे काम करू नका. आणि एक गोष्ट कधीच उघडायची नाही ती म्हणजे एसएमपीएस, पॉवर सप्लायचा तो पत्र्याचा डबा. वायर काढल्यावरही त्याच्या आत जोराचा झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

आता नवी पट्टी काढा आणि जुनी एकटीच, तिच्या मूळ जागी बसवा. चालू झालं? मग बोर्ड गेलेला नाही. अर्ध्या घरांतलं भांडण इथेच मिटेल. त्यानंतर नवी एकटी, त्याच जागी. चालली तर पट्टी बहुधा ठीक आहे, दुसरी जागा तपासायची. नाही चालली तर संशय पट्टीवर. एका वेळी एकच बदल करायचा आणि कागदावर लिहायचं, कुठली पट्टी, कुठली जागा, काय झालं. हे लिहिणं लोकांना येडेपणा वाटतो, पण चार जागा आणि दोन पट्ट्या म्हटल्यावर तिसऱ्या खेपेला डोक्यात नुसता गोंधळ उरतो.

बरेचदा पट्टी नीट बसलेलीच नसते. जोर लावायची भीती वाटते, त्यामुळे एक टोक बसतं आणि दुसरं अर्धं वर राहतं. दोन्हीकडून सरळ दाबा, कडेचा क्लिप ‘टक’ असा वाजून आपोआप मिटला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असतो, तिथे दुसरं टोक खास बघा. चार जागा असतील तर दोन पट्ट्या शेजारीशेजारी बसवायच्या नसतात. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी जागा वापरायची असते. तुमच्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ते चित्रासकट दिलेलं असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून फुकट मिळतं.

पट्टी बसतच नसेल तर मात्र जोर अजिबात नको. डीडीआर थ्रीला २४० पिना असतात, डीडीआर फोर आणि फाइव्हला २८८, आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच आहे. जुन्या मशीनवाल्यांसाठी आणखी एक गंमत. बाजारात ८ जीबीच्या काही स्वस्त डीडीआर थ्री पट्ट्या मिळतात, त्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या बोर्डात खाच जुळते, पट्टी बसते आणि काहीच होत नाही. पट्टी खराब नाही, बोर्डही खराब नाही. नुसती जोडी चुकलीय. घेताना तोंडाने विचारायचं, इंटेलवर चालेल का, आणि बिलावर लिहून घ्यायचं.

खोडरबराचं काय, हे तुम्ही विचारणारच. आपल्याकडच्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याचा हा आवडता उपाय, पट्टीच्या सोनेरी पिना खोडरबराने घासायच्या. काम करतो का? करतो, पिनांवर मळ बसला असेल तर. पण तो सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दर महिन्याला घासाल तर तो जाईल. हलक्या हाताने, एकदा. रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नका. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड बरं.

मशीन तुमच्याशी बोलत असतं, तेही ऐका. बऱ्याच नव्या बोर्डांवर छोटे दिवे असतात, शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. डीरॅमचा दिवा पेटून तिथेच अडकला की रॅमकडे बघायचं. जुन्या मशीनमध्ये बीप येतात. सगळी रॅम काढून चालू केल्यावर बीप आले तर आनंद माना. तो बीप काढायला प्रोसेसरला बोर्डावरचा बायोस चालवावा लागतो, म्हणजे दोघंही जिवंत आहेत. ‘बोर्ड गेलाय’ म्हणणाऱ्याला एवढी एक चाचणी समोर करायला सांगा. बीप आलाच नाही तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नका, कारण हल्लीच्या कित्येक कॅबिनेटमध्ये तो छोटा स्पीकरच नसतो.

डीडीआर फाइव्हवाल्यांनी आणखी थोडा धीर धरावा. नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड तिची ओळख करून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, मशीन आपणहून बंद-चालूही होतं. घाबरून बटण दाबलं की पहिल्यापासून सुरुवात. चहा प्या.

अजूनही अंधार असेल तर बोर्डावरचा बटणासारखा गोल सेल, सीआर २०३२, वायर काढलेली असताना पाच मिनिटं बाहेर काढून परत बसवा. बायोसची जुनी सेटिंग्ज पुसली जातात. आणि हो, रॅम बसवताना मनगटाने दुसरी एखादी वायर ढिली केली नाहीत ना? ग्राफिक्स कार्ड जागेवरून हललं नाही ना? मॉनिटरची केबल परत त्याच पोर्टला लावली ना? हसू नका, हे सगळ्यात जास्त घडतं.

मशीन चालू झालं तरी तक्रारी असतात. ८ जीबी टाकली आणि वापरायला साडेतीनच्या आसपास दिसते, तर तुमची विंडोज ३२ बिटची आहे, तिथे पट्टीचा दोष नाही. ३२०० ची पट्टी २४०० वर चालतेय? सोबतची जुनी पट्टी किंवा प्रोसेसर हळू असेल तर तसंच व्हायचं, दोघींना हळू असणारीच्या चालीने चालावं लागतं. त्यासाठी कुणाशी भांडू नका. पण निळी स्क्रीन वारंवार येत असेल, गेम मधेच बंद पडत असेल, तर रात्री झोपताना पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावा. फुकट आहे. सकाळी लाल अक्षरात एकही एरर दिसली, तर एक एक पट्टी वेगळी लावून परत तपासा. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडलं तर ती चूक कधीतरी तुमच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये शिरेल.

आणि नो डिस्प्लेवर कुणी ‘फॉरमॅट मारतो’ म्हणालं तर डबा उचलून बाहेर पडा. गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, फॉरमॅट करून काय मिळणार? जाईल तो फक्त तुमचा डेटा.

‘पण आमच्याकडून काही बिघडलं तर?’ हा प्रश्न मला मुलींकडून जास्त ऐकू येतो आणि त्याचं कारण त्यांचे हात नसून घरचे लोक आहेत. भावाने स्क्रू-ड्रायव्हर घेतला की तो शिकतोय, बहिणीने घेतला की ‘राहू दे, माणूस बोलावू.’ एक पट्टी काढून परत बसवायला मिक्सरचं भांडं बसवण्याइतकीच अक्कल लागते. डबा वॉरंटीत असेल आणि त्यावर सील असेल, तर मात्र आधी दुकानात विचारा, ते सील तुमच्या हाताने तोडू नका.

एवढं करून मशीन उठलं नाही तर दुकानात जायलाच हवं. खरंच बोर्ड जातात, त्यावरची रॅमची जागा मरते. पण जाताना जुनी आणि नवी, दोन्ही पट्ट्या, बिल आणि तो लिहिलेला कागद घेऊन जा. बऱ्याच कंपन्या रॅमला मर्यादित का होईना पण आजीवन वॉरंटी देतात, आपण बिल फेकून देतो म्हणून ती वापरली जात नाही. काउंटरवर सांगा, ‘जुनी एकटी चालते, नवी दोन्ही जागांवर चालत नाही, तुमच्याकडची चांगली पट्टी लावून दाखवा.’ आणि तो ती लावेल तेव्हा तिथेच उभे राहा.